अशुद्ध कोण बोलते?

गेल्या चातुर्मासातील एका रविवारची गोष्ट आहे. हैदराबादेतील एका देवस्थानच्या सभामंडपात आम्ही काही मंडळी मुलांचा मराठी वर्ग चालवितो. त्या दिवशी पालकही मागे सतरंजीवर येऊन बसले होते. नऊ वर्षांचा एक मुलगा उभा राहिला व सकाळपासून आपण काय काय केले ते सांगू लागला. ‘मी लवकर उठलो. मी आंघोळ केलो. मी पोळी खाल्लो...’ इतके तो बोलतो तोच सभामंडपात हशा पिकला. हसणारांत आम्हीही होतो, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मुलगा खाली बसला. पुढचे तीन रविवार तो वर्गाला आला नाही. चौथ्या रविवारी त्याच्या आईने निरोप धाडला, की त्याला आता मराठी नको, असे तो म्हणतो.

ह्या हशाविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते गोड असणार नाहीत.

त्या निरोपानंतर आम्ही वडीलधाऱ्यांस एक साधा प्रश्न विचारला. ‘मी धडा शिकलो’ हे शुद्ध, ‘मी नाव विसरलो’ हेही शुद्ध. मग ‘मी पोळी खाल्लो’ एवढेच अशुद्ध का? धडा, नाव आणि पोळी ही तिन्ही कर्मेच आहेत ना? एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘तसे म्हणत नाहीत.’ दुसरे गृहस्थ म्हणाले, ‘कानाला खटकते.’ तिसरे एकदम इंग्रजी शाळांवर घसरले व आजच्या पिढीच्या संस्कारांपर्यंत जाऊन पोहोचले. नियम मात्र कोणासही सांगता आला नाही. खरे बोलावयाचे तर त्या क्षणी आम्हांलाही आला नाही. जो नियम आपणांस सांगता येत नाही, तो मोडला म्हणून नऊ वर्षांच्या पोराला हसण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

आता हीच गोष्ट त्या मुलाच्या जागी बसून पाहा. भूतकाळात सकर्मक क्रियापद बहुधा कर्माच्या मागे जाते, हा मराठीचा रिवाज. रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबा खाल्ला. येथे ‘रामाने’ मधील ‘ने’ ऐकून शिकणाऱ्याला सूचना मिळते, की कर्त्याचे क्रियापदावरील राज्य संपले. परंतु ‘मी’ला हा ‘ने’ लागत नाही. ‘मी आलो’ ह्यातील ‘मी’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ ह्यातील ‘मी’ दिसावयास व ऐकावयास एकच. दरवाजावर पाटी नाही, आणि आत चुकीच्या खोलीत शिरला म्हणून पाहुण्याला बोल! त्यातून ‘शिकणे’, ‘विसरणे’ ह्यांसारखी क्रियापदे कर्म घेऊनही कर्त्याशीच इमान राखतात. हा मुलगा गल्लीत दखनी ऐकतो. तीत ‘मैं रोटी खाया’ असेच म्हणतात. खेळगड्यांशी तो तेलुगू बोलतो; तीत ‘मी’ काय खातो ह्याची क्रियापदाला पर्वाच नसते. बेळगावकडील कित्येकांच्या तोंडी ‘मी काम केलो’ असा प्रयोग येतो, त्याचे कारणही शेजारच्या कानडीत आहे. तेव्हा मुलाने ऐकलेल्या भाषांवरून एक अनुमान केले. त्याला अज्ञान म्हणणे म्हणजे आपले अज्ञान त्याच्या माथी मारणे होय.

आमच्याच वर्गात कोंकणी घरची एक मुलगी आहे. ती ह्या ठिकाणी कधी अडखळत नाही. तिला व्याकरण अधिक येते असे नव्हे. कोंकणीत ‘हांव’ वेगळे आणि ‘हांवें’ वेगळे. ‘हांव आयलों’ असे म्हणणारा मनुष्य जेवणाची गोष्ट निघाली की ‘हांवें पोळी खाल्ली’ असे म्हणतो. मराठीने जी पाटी दरवाजावरून काढून टाकली, ती कोंकणीने जपून ठेविली आहे. मराठीतही ती पूर्वी होती. ‘म्यां’ हे रूप पोथ्या वाचणाऱ्या कोणास अपरिचित आहे? ज्या सभामंडपात आम्ही हसलो, त्याच सभामंडपात कपाटभर पोथ्या आहेत, आणि त्या मुलाच्या अडचणीची किल्ली त्या पोथ्यांत निजून होती. कोंकणी ही मराठीची लेक की बहीण, ह्या वादात आमच्या दोन पिढ्यांनी किती शाई सांडली! त्या शाईतील एक थेंब ‘हांव’ व ‘हांवें’ ह्यांचा उपयोग मराठी शिकविण्यास कसा करावा, ह्या विचारासाठी खर्चिला असता तर दोन्ही भाषांचे भले झाले असते.

हे सारे आम्हांस आधी ठाऊक नव्हते. मुलगा येईनासा झाल्यावर शरमेपोटी वाचन सुरू केले, तेव्हा कळले की शिकणाऱ्याच्या चुका ह्या विषयावर जगात एक स्वतंत्र शास्त्रच उभे आहे. परभाषा व द्वितीय भाषा शिकण्या-शिकविण्याला वाहिलेली विद्वानांची नियतकालिके पाऊणशे वर्षांहून अधिक काळ निघत आहेत. आमच्या शहरात तर ह्या विद्येचे पीठच आहे. इंग्रजीच्या अध्यापनासाठी १९५८ साली येथे केंद्रीय संस्था स्थापन झाली, १९७२ साली तिच्या नावात परकीय भाषांचा समावेश झाला आणि २००७ साली तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. त्या ग्रंथालयाच्या गावात राहून आम्ही सतरंजीवर बसून हसत होतो.

ह्या नियतकालिकांपैकी एकाची कथा वाचकांनी ऐकावी, कारण आमचे सारे म्हणणे तिच्यात आहे. ‘लँग्वेज लर्निंग’ हे नियतकालिक अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९४८ साली सुरू झाले. तेथे चार्ल्स फ्राइज व त्यांचे सहकारी रॉबर्ट लाडो ह्यांचा संप्रदाय होता. भाषा ही सवय आहे, चूक ही वाईट सवय आहे, ती जडू नये म्हणून बरोबर वाक्य शंभरदा म्हणवून घ्यावे, असे त्या संप्रदायाचे मत. लाडो ह्यांनी १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की दोन भाषा जेथे भिन्न तेथे शिकणारा अडखळणार. आमच्या घोकंपट्टीवाल्या गुरुजींना हे ऐकून आनंद होईल. त्यांनी थोडा धीर धरावा. १९६७ साली एडिंबरोचे पिट कॉर्डर ह्यांनी ‘इंटरनॅशनल रिव्ह्यू ऑफ अप्लाइड लिंग्विस्टिक्स’ ह्या १९६३ साली निघालेल्या दुसऱ्या नियतकालिकात एक लहानसा निबंध लिहिला. चूक हा दोष समजू नका, असे त्यांचे सांगणे होते. शिकणारा मनात कोणता नियम बांधीत आहे, हे पाहण्याची ती खिडकी आहे. त्याच नियतकालिकात १९७२ साली लॅरी सेलिंकर ह्यांनी शिकणाऱ्याच्या बोलीला एक नावच दिले. मराठीत आपण तिला ‘मधली भाषा’ म्हणू. ती त्याच्या घरच्या भाषेसारखी नाही व शिकावयाच्या भाषेसारखीही नाही. पण तिला स्वतःचे नियम आहेत.

आणि १९७४ साली काय झाले? सवयीच्या सिद्धांताच्या अंगणात जन्मलेल्या ‘लँग्वेज लर्निंग’नेच हायडी ड्युले व मरीना बर्ट ह्यांचा लेख छापला. स्पॅनिश बोलणारी व चिनी बोलणारी मुले इंग्रजीतील अकरा व्याकरणरूपे जवळजवळ एकाच क्रमाने आत्मसात करतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे चुकांचे मूळ दर वेळी घरच्या भाषेतच शोधणाऱ्या पक्षाला त्याच्याच घरात उत्तर मिळाले. गोष्ट येथेही संपली नाही. २००९ साली त्याच नियतकालिकात लुक व शिराई ह्यांनी जपानी, कोरियन व चिनी भाषकांची उदाहरणे घेऊन त्या क्रमाच्या सिद्धांतालाही धक्का दिला. घरच्या भाषेचा परिणाम क्रमावर होतोच, असे त्यांचे म्हणणे. साठ वर्षांत एकाच नियतकालिकाने स्वतःच्या घराण्याचे मत दोनदा तपासावयास घेतले, आणि दोन्ही वेळा तपासणाऱ्याला आपलीच पाने दिली.

आमचा मुद्दा हाच आहे. मुलांच्या चुका मोजण्यास आमच्याकडे सारा गाव आहे. शिकविणाऱ्यांच्या चुका लिहून ठेवण्यासाठी आम्ही एक पानही राखलेले नाही. विद्वानांचे नियतकालिक म्हणजे दुसरे काय? मागच्या पिढीचा शिक्षक कोठे चुकला, हे पुढच्या पिढीच्या शिक्षकाने नाव घेऊन, पुरावा देऊन व अपमान न करता लिहावे, ह्यासाठी केलेली जागा. आमच्याकडे मात्र गुरुजी निवृत्त होतात, त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. आणि चाळीस वर्षांत त्यांना काय साधले व काय साधले नाही, हे त्यांच्याबरोबरच घरी जाते.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. ‘अहो, मराठी ही आमच्या मुलांची मातृभाषा. मातृभाषा का शिकवावी लागते? हे शास्त्र साहेबाच्या इंग्रजीसाठी.’ हा आक्षेप ऐकावयास अभिमानाचा वाटतो, पण त्याच्या पोटी भित्रेपणा आहे. हैदराबाद, बडोदे, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील आमच्या घरांतील कित्येक मुलांची मराठी ही आज आजीची भाषा आहे. त्यांची स्वतःची बोलती भाषा तेलुगू, गुजराती वा हिंदी असून शाळेची भाषा इंग्रजी. त्यांच्यापुरती मराठी ही द्वितीय भाषाच झाली आहे. हे कबूल करावयाचे तर आपल्या हातून काही निसटले हेही कबूल करावे लागते, म्हणून आम्ही कबूल करीत नाही. मग महाराष्ट्रातील मुलांसाठी केलेले पाठ्यपुस्तक आणून आम्ही त्यांच्यापुढे ठेवितो, ते त्यांना झेपत नाही, आणि दोष रक्ताला देतो.

मराठी न येणाऱ्याला मराठी शिकविण्याचा इतिहास चाळला तर मान खाली जाते. रायतूर येथे १६४० साली छापलेले कोंकणीचे पोर्तुगीज व्याकरण थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे. (आणि १६८४ साली त्याच राजवटीने गोमंतकीयांस तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम सोडला, भाषा शिकणारे व भाषा मोडणारे एकाच जहाजातून येतात, हे विसरू नये.) सेरामपूरहून १८०५ साली मराठीचे इंग्रजी व्याकरण काढणारा विल्यम केरी. कोशाचे काम १८३१ साली मोल्सवर्थच्या नावे पुरे झाले; त्याच्या हाताखाली आमचे पंडित राबले. फलटणच्या जाई निंबकरांसह मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ साली परदेशी वाचकांस देणाऱ्या मॅक्सीन बर्नसन जन्माने अमेरिकन. आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अमराठी लोकांसाठी ‘माय मराठी’ हा पाठ्यक्रम कोणी सिद्ध केला? मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने. ह्यात त्या विभागाचा गौरवच आहे. ज्यांनी स्वतः परकी भाषा धडपडत शिकली, त्यांनाच आपली भाषा परक्याला कशी दिसते हे कळते. पुण्याच्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रात परप्रांतीय शिक्षकांस मराठी शिकविण्याचे काम होते, तेही आम्ही विसरत नाही. परंतु आमच्या देवळांतून, मंडळांतून व वाचनालयांतून चाललेल्या वर्गांत ह्यांपैकी काय पोहोचले?

ह्या विलायती नियतकालिकांची पूजा मांडण्यास आम्ही बसलेलो नाही. त्यांची भाषा बहुधा इतकी रुक्ष असते, की भाषा शिकविण्याविषयी लिहिणारांना स्वतःची भाषा कोणी शिकविली असा प्रश्न पडावा. त्यांतील पुष्कळसे लेखन इंग्रजीच्या अध्यापनाभोवतीच फिरते, आणि बरेच अंक अशा किमतीला मिळतात की देवळाच्या वर्गाची वर्षाची वर्गणी एका अंकाला पुरू नये. पण म्हणून त्यांत आमच्या उपयोगाचे काही नाही असे म्हणणे म्हणजे वैद्याची फी जड वाटली म्हणून नाडीच नाकारण्यासारखे आहे.

उपयोगाचे काय, त्याचा एकच नमुना देतो. चूक ऐकल्यावर शिक्षकाने करावे काय? आमच्यातील सौम्य मंडळी म्हणतात, हसू नये, फक्त बरोबर रूप उच्चारून पुढे जावे. मुलगा म्हणाला ‘खाल्लो’, आपण म्हणावे ‘हं, खाल्ली’. आम्हांसही हेच पटले होते. परंतु रॉय लिस्टर व लैला रांता ह्यांनी माँट्रियलकडील फ्रेंच वर्गांत चार शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून १९९७ साली जे प्रसिद्ध केले, त्याने आमची झोप उडाली. शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक अशाच सौम्य दुरुस्त्या होत्या, आणि मुलांनी त्यांची दखल घेतली ती सुमारे ३१ टक्के वेळा! मुलाला वाटते, गुरुजी आपल्या बोलण्याला रुकार देत आहेत. उलट शिक्षक थांबला, ‘मी पोळी...?’ एवढेच म्हणून वाट पाहत राहिला, तर प्रत्येक वेळी मुलाने काही ना काही उत्तर दिले. म्हणजे हसणारे चुकले, आणि मायेने पुढे सरकणारे आम्हीही काही अंशी चुकलोच. लेखी चुका सुधाराव्या की नाही, ह्यावर तर जॉन ट्रस्कॉट ह्यांनी १९९६ साली ‘सुधारणे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक’ असा निकाल दिला आणि १९९९ साली डेना फेरिस ह्यांनी त्यावर जोराचा प्रतिवाद केला. वाद आजही मिटलेला नाही. आमच्या मंडळाच्या सभेत असा वाद निघता तर दोघांपैकी एकाने राजीनामा दिला असता.

आणि हे सारे परदेशातच घडते असेही नाही. एन. एस. प्रभू ह्यांनी १९७९ ते १९८४ ह्या काळात बंगळूर व मद्रासकडील साध्या शाळांतून एक प्रयोग केला. व्याकरणाचा क्रम बाजूस ठेवून मुलांना आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा ह्यांसारखे डोके चालविण्याचे काम द्यावयाचे. काम उलगडताना इंग्रजी आपोआप रुजते का ते पाहावयाचे. बाहेरच्या परीक्षकांनी केलेले त्याचे मूल्यमापन १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यात यश होते आणि शंकाही होत्या; दोन्ही छापल्या गेल्या. १९८७ साली प्रभूंचा ग्रंथ निघाला आणि जगभरचे अध्यापक तो वाचू लागले. दक्षिणेच्या खडू-फळ्याच्या शाळांतून निघालेली ही गोष्ट आमच्या मराठी वर्गात पोहोचावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली, ती कोणत्या अडसरामुळे? आता आम्ही मुलांपुढे देवळाच्या उत्सवाचा हिशेब ठेवितो. किती नारळ आले, किती फुटले, प्रसाद किती पानांना पुरेल, पालखी कोणत्या रस्त्याने न्यावी. भांडणे मराठीतच करावयाची, एवढी अट.

तेव्हा ह्या मासिकाच्या संपादकांस आमची उघड मागणी आहे. श्रद्धांजल्या व सत्कारवृत्तांत ह्यांना आपण जेवढी पाने देता, त्यांतील दोन पाने मराठी व कोंकणी शिकविणाऱ्यांच्या नोंदींना द्यावी. विद्वत्तेची अट नको. बडोद्याच्या वर्गात मूल ‘माझ्या पासे पुस्तक आहे’ म्हणते, इंदूरला ‘मला जाणे आहे’ म्हणते. तेथील शिक्षकाने त्यावर काय केले आणि काय झाले, एवढेच लिहावे. फसलेले आधी लिहावे. फोंड्याच्या कोंकणी शिक्षिकेने ‘हांवें’चा उपयोग मराठीच्या तासाला करून पाहावा व आम्हांस कळवावे. मोबदला देता येत नाही हे उघड आहे. पण नाव छापावे, म्हणजे दुसऱ्याला त्या नावाशी वाद घालता येईल.

आमची वही आम्ही सुरू केली आहे. तीत चार रकाने आहेत : तारीख, मुलाने काय म्हटले, शिक्षकाने काय केले, पुढच्या रविवारी काय आढळले. त्या मुलाच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. तो लाजला, त्याच्या आईला काय बोलावे ते सुचेना, आणि दिवाळीनंतर तो पुन्हा वर्गाला येऊ लागला. पोथीतील ‘म्यां’ त्याला दाखविले. ‘म्यां पोळी खाल्ली’ हे त्याला फारच आवडले, कारण ते जुन्या गोष्टीतल्या राजासारखे वाटते. पुढच्याच रविवारी तो दारातून ओरडत आला, ‘म्यां आलो!’

कोणी हसले नाही. वहीत ती चूक दुसऱ्या रकान्यात लिहिली. तिसऱ्या रकान्यात वर्गाच्या बाईंनी आपल्या हाताने लिहिले आहे : ‘म्यां कोठे चालत नाही, हे मी सांगावयास विसरले.’